आधी कर्ज, मग वाटणी

दरवर्षी आठ मार्च जवळ आला की आमच्या उर्दू शाळांच्या शिक्षकांमध्ये एक संदेश हमखास फिरतो. एका जुन्या, धूसर छायाचित्राखाली लिहिलेले असते : हिंदुस्थानातली पहिली स्त्री चित्रपट-दिग्दर्शक फातमा बेगम, आणि ती मुसलमान होती. खाली माशाअल्लाहची रांग लागते. दोन दिवसांनी संदेश विसरला जातो आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा उगवतो.

संदेश खोटा नाही. फातमा बेगमने १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा मूकपट दिग्दर्शित केला आणि या देशात दिग्दर्शनाच्या खुर्चीत बसलेली पहिली स्त्री म्हणून तिचेच नाव घेतले जाते. माझा प्रश्न वेगळा आहे. हा अभिमान बाळगण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? जी बाई आपल्या उंबऱ्याच्या आत आलेली आपल्याला चालली नसती, तिच्या नावावर आपण छाती फुगवावी काय?

फातमा बेगमचा जन्म १८९२ सालचा, सुरतेतला. नंदुरबारच्या माणसाला सुरत परकी नाही. ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेने सकाळी निघावे, कापडाचा सौदा करून रात्री घरी यावे. आमच्या कितीतरी मुली तिकडे दिल्या आहेत, तिकडच्या इकडे नांदताहेत. नवापूरच्या स्टेशनात तर राज्याची हद्द फलाटावरूनच जाते. एका बाकावर दोघे बसले तर एक महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. त्यामुळे फातमा बेगम म्हणजे कुठली दूरची परी नव्हे. आपल्याच रेल्वेमार्गावरची, आपलीच भाषा घरात बोलणारी बाई ती.

ती आधी रंगभूमीवर आली, उर्दू नाटकांतून कामे करू लागली. १९२२ साली अर्देशीर इराणींच्या ‘वीर अभिमन्यू’तून पडद्यावर आली. त्या काळात याचा अर्थ काय होता, हे समजण्यासाठी फार मागे जायला नको. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळाली नव्हती. कोठ्यावरच्या बायकांनीसुद्धा सिनेमाचे काम कमीपणाचे म्हणून नाकारले आणि शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवावे लागले. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मराठी मायलेकी पडद्यावर आल्या, त्याचे मोल त्यांनी समाजाच्या बहिष्काराच्या रूपाने चुकवले. म्हणजे दार फक्त आपल्याच मोहल्ल्यात बंद होते असे नाही. सगळ्या आळ्यांतली दारे बंद होती. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी एक बाई नुसती पडद्यावर दिसत नाही, तर स्वतःची कंपनी काढते, पैसा उभा करते, कॅमेरा कुठे ठेवायचा ते सांगते. फातमा फिल्म्स हे कंपनीचे नाव. पुढे ती व्हिक्टोरिया-फातमा फिल्म्स झाली. नाव लपवले नाही, नवऱ्याचे लावले नाही, भावाचे लावले नाही. मला तिची ही गोष्ट दिग्दर्शनाइतकीच मोठी वाटते.

‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा परीकथेचा चित्रपट. कॅमेऱ्याच्या करामती वापरून अद्भुत सृष्टी दाखवण्याचा त्यात प्रयत्न होता. पुढे तिने ‘हीर रांझा’ केला, ‘शकुंतला’ केला. म्हणजे एकीकडे पंजाबी सूफी परंपरेतली प्रेमकथा, दुसरीकडे कालिदास. आज आपण ज्या कुंपणांचा एवढा विचार करतो, ती तिला दिसलीच नसावीत, किंवा दिसूनही तिने ओलांडली असावीत.

‘बुलबुल-ए-परिस्तान’ आज पाहता येत नाही. त्याची प्रत उरलेली नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, क्षणात पेट घेणारी. आणि पेटली नाही तर तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी लोक ती विकून टाकत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर मूकपटांचा बहुतेक सगळा जमाना धूर होऊन गेला होता. तेव्हा तिचा भारतीय सिनेमावर किती प्रभाव पडला हे चित्रपट पाहून सांगणे शक्य नाही. लोक सांगतात ते अंदाजाने. एक प्रभाव मात्र डोळ्यांदेखत आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट लागला. त्याची नायिका जुबेदा ही फातमा बेगमची मुलगी. आवाज आला आणि मूकपटातल्या अनेक नायिकांची पंचाईत झाली, कारण त्यांना हिंदुस्थानी धड बोलता येईना. जुबेदाला ती अडचण नव्हती. उर्दू तिच्या घरची होती. ज्या जबानीत आम्ही आज वर्गात हजेरी घेतो, त्या जबानीने हिंदुस्थानचा सिनेमा बोलायला लागला, तो एका आईने आपल्या मुलींना पडद्यावर येऊ दिले म्हणून. तिच्या सुलताना आणि शहजादी या मुलीही नट्या झाल्या. ‘आलम आरा’चीही प्रत आज उरलेली नाही.

आता तिच्या आयुष्याच्या दुसऱ्या बाजूकडे पाहू. संदेशात ही बाजू नसते. सचिनच्या नवाबांशी तिचे नाव जोडले जाते; लग्नाचा लेखी पुरावा मात्र नाही. तीन मुली पडद्यावर, आई पडद्यावर, निकाहाबद्दल कुजबुज. अशी बाई आपल्या गल्लीत भाड्याने राहायला आली असती तर? मी कुणाला नावे ठेवत नाही. पण आपल्यापैकी प्रत्येकाने मनाशी प्रामाणिकपणे उत्तर द्यावे. आपल्या आजीने तिच्या घरचे पाणी घेतले असते काय? आपण आपली मुलगी तिच्या मुलीबरोबर खेळायला पाठवू काय? फातमा बेगम १९८३ पर्यंत हयात होती. ती काही इतिहासाच्या अंधारातली व्यक्ती नव्हे. ती हयात असताना तिच्यासाठी अशा माशाअल्लाहच्या रांगा लागल्याचे माझ्या ऐकिवात तरी नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. पूर्वजांनी केले त्याला आम्ही काय करावे? आजोबांनी तिला दूर ठेवले असेल, पण नातवाने तिचा अभिमान का बाळगू नये? वारसा म्हणून तरी ती आमचीच ना?

वारसा हा शब्द आपण फार सैल वापरतो. आपल्याकडे मीरासचे शास्त्र आहे आणि ते अगदी हिशेबी आहे. माणूस गेला की त्याच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च निघतो. मग त्याचे कर्ज फेडले जाते. मग वसियत असेल तर ती, तीही एक-तृतीयांशाच्या आत. आणि हे सगळे झाल्यावर जे उरेल त्याची वारसांत वाटणी. सूरह निसामध्ये वाटण्या सांगताना पुन्हा पुन्हा अट घातली आहे की हे सगळे वसियत आणि कर्ज चुकते केल्यावर. (त्याच आयतींमध्ये मुलीचाही हिस्सा ठरवून दिला आहे. प्रत्यक्षात बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्यात आपण किती तत्पर असतो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) तेव्हा ज्याला वारस म्हणवून घ्यायचे आहे त्याने आधी कर्जाची वही उघडावी. इज्जतीची मालमत्ता तेवढी माझी आणि देणी मात्र आजोबांची, असे मीरासमध्ये चालत नाही.

कर्ज कशाचे? त्या बाईला जे नाकारले त्याचे. घरची सोबत, मोहल्ल्याचा सलाम, काम करून परत येताना मान वर ठेवण्याची मुभा. आता कुणी म्हणेल, ती तर गेली, फेडायचे कुणाला? त्यालाही शास्त्रात उत्तर आहे. धनको मेला म्हणून कर्ज मरत नाही. ते त्याच्या वारसांना द्यावे लागते. फातमा बेगमच्या कामाचे वारस कोण? ज्या मुलींना तिच्यासारखे काम करावेसे वाटते त्या. त्या आपल्या वर्गात बसलेल्या आहेत, आठवीत, नववीत.

एका पक्षाशी माझे भांडण नाही, हे स्पष्ट करते. ज्यांना सिनेमाच पसंत नाही, जे स्वतः पाहत नाहीत, मुलांना दाखवत नाहीत आणि फातमा बेगमच्या नावाने मिशीला पीळही देत नाहीत, त्यांचे मत मला पटत नसले तरी त्यांचा हिशेब सरळ आहे. त्यांनी वारसाही घेतला नाही आणि कर्जही नाही. माझा प्रश्न मधल्या माणसाला आहे. तो शुक्रवारी नवा चित्रपट पाहतो, फातमा बेगमचे छायाचित्र पुढे पाठवतो आणि मुलीला शाळेच्या स्नेहसंमेलनात नात म्हणू देतो पण नाटिकेत उभी राहू देत नाही. समाजात हा मधला माणूसच जास्त आहे. शिक्षकांतही.

आणि हे फक्त आपल्यातच आहे असे समजून कुणी अपराधी किंवा कुणी खूश होऊ नये. सुमित्रा भावे यांनी सुनील सुकथनकर यांच्यासह १९९५ साली ‘दोघी’ केला. सुमित्राबाई मुळात समाजकार्याच्या प्राध्यापक. सिनेमाचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. झोपडपट्टीतल्या बायकांचे जगणे मांडायला अहवाल अपुरा पडतो म्हणून १९८५ साली त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला आणि वयाच्या चाळिशीनंतर त्या दिग्दर्शिका झाल्या. २०१६ च्या ‘कासव’ला पुढे राष्ट्रीय पुरस्कारांतले सुवर्णकमळ मिळाले, २०२१ मध्ये त्या गेल्या. ‘दोघी’त गौरीच्या लग्नाचे वऱ्हाड वाटेतच अपघातात सापडते आणि मुलगी पांढऱ्या पायाची ठरते. घर खचते. आई तिला मामाबरोबर मुंबईला पाठवते. तिथे ती शरीर विकायला लागते, आणि तिच्या पैशावर गावाकडचे घर तगते. धाकट्या कृष्णाचे लग्न ठरते तेही त्याच आधारावर. पैसा उंबरा ओलांडून आत येतो. पैसा कमावणारी मात्र आत यायची म्हटली की सगळ्यांचे डोळे खाली. उत्तरा बावकरांनी केलेली ती आई दुष्ट नाही, म्हणून तो चित्रपट जास्त छळतो. फातमा बेगमच्या छायाचित्राखाली माशाअल्लाह लिहिणारे आपण त्या आईपेक्षा फार वेगळे नाही. आपणही कमाई घेतली आहे.

‘दोघी’सारखा चित्रपट पुरुषाने केला नसता असे मी म्हणणार नाही. बाईने दिग्दर्शन केले की त्यात आपोआप माया उतरते, हेही मला मान्य नाही. फराह खानचे ‘मैं हूँ ना’ आणि ‘ओम शांती ओम’ पाहावेत, तिथे धमाल आणि मारामारी भरपूर आहे आणि तोही बाईचा हक्कच आहे. फरक पडतो तो नजर कुठे थांबते यात. ‘दोघी’त ती आईच्या खाली गेलेल्या डोळ्यांवर थांबते.

सई परांजपे यांच्या ‘चष्मे बद्दूर’चे उदाहरण घेऊ. १९८१ चा तो चित्रपट. त्यात सईद जाफरी यांनी केलेला लल्लन मियाँ हा पानवाला आहे. त्या काळच्या हिंदी सिनेमात मुसलमान म्हटला की एक तर नवाब, नाहीतर कव्वाल, नाहीतर मित्रासाठी जीव देणारा खानसाहेब. लल्लन मियाँ यातला कुणी नाही. उधारी वाढली म्हणून तो पोरांच्या मागे लागतो, त्यांच्यावर चिडतो, त्यांच्यावर जीवही लावतो. तो फक्त शेजारचा माणूस आहे. एका मराठी बाईने आमचा माणूस आम्हांला जसाच्या तसा परत दिला. आता हा डोळा आला कुठून? सईबाईंची आई शकुंतला परांजपे. तिने ‘कुंकू’त काम केले, संततिनियमनाचा प्रचार केला, त्या काळात लोकांचे बोल सोसले. आजोबा रँग्लर परांजपे. मुलीने काय करावे यावर त्या घरात कुणी पहारा बसवला नव्हता. अशा घराने सईबाईंचा अभिमान बाळगला तर तो शोभतो, कारण त्याने आधी हप्ते भरले आहेत. बाप मुलीच्या पदवीचा अभिमान बाळगतो तेव्हा कुणी हरकत घेत नाही. फी त्यानेच भरलेली असते.

आपल्या बाजूचा जवळचा दाखला मालेगावचा. आमच्याकडून मालेगाव लांब नाही, भाषा तीच, नातीगोतीही आहेत. यंत्रमागावर दिवस काढणाऱ्या तिथल्या तरुणांनी शोलेची नक्कल केली, सुपरमॅनची केली आणि फाटक्या साधनांत असा सिनेमा काढला की सगळे शहर हसून लोटपोट झाले. फैजा अहमद खान या दिग्दर्शिकेने २००८ साली त्यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. त्या माहितीपटात हसू पुष्कळ आहे, पण एक जागा अशी आहे की शिक्षिकेला हसू येत नाही. नायिका मालेगावची नाही. शहरातली मुलगी काम करणार नाही, म्हणून बाहेरून आणायची. लाखोंच्या वस्तीत एक मुलगी नाही! आणि त्याच शहराची कहाणी जगभर पोचवली एका स्त्रीने. पुढे रीमा कागती यांनी त्याच विषयावर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ केला, तो २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. दोन्ही वेळा कॅमेऱ्यामागे बाई, दोन्ही वेळा बाहेरची. आपण दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. मालेगावच्या किंवा नंदुरबारच्या कुठल्या पोरीने असा माहितीपट करतो म्हटले असते तर पहिला प्रश्न आला असता, सोबत कोण जाणार?

सोबतीचा हा प्रश्न सौदी अरबस्तानातल्या हैफा अल-मन्सूर यांनी ज्या रीतीने सोडवला ती ऐकण्यासारखी आहे. २०१२ चा ‘वजदा’ हा त्यांचा चित्रपट. त्या वेळी त्यांच्या देशात चित्रपटगृहच नव्हते. ती २०१८ साली पुन्हा उघडली. रियाधच्या रस्त्यावर पुरुष सहकाऱ्यांत उभे राहून काम करणे अवघड, म्हणून रस्त्यावरची दृश्ये त्यांनी बंद गाडीत बसून, वॉकीटॉकीवर सूचना देत चित्रित केली. गोष्ट एका मुलीची आहे. तिला सायकल हवी आहे. पैशासाठी ती शाळेतल्या कुरआन-पठणाच्या स्पर्धेत उतरते, जीव ओतून तजवीद शिकते आणि जिंकते. बक्षिसाचे काय करणार, असे व्यासपीठावर विचारल्यावर ती खरे सांगते : सायकल घेणार. मुख्याध्यापिका लगेच जाहीर करतात की रक्कम फिलिस्तीनला पाठवली जाईल.

मी तो प्रसंग शिक्षिका म्हणून पाहिला. रक्कम गेली ती चांगल्याच कामाला. तरीही ते पैसे त्या मुलीचे होते आणि तिला विचारले गेले नाही. तिच्या किरातीचा अभिमान सगळ्या सभागृहाला होता, तिच्या इच्छेचा नव्हता. आमच्या जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळू लागल्या तेव्हाही थोडी कुजबुज झाली होती. सायकली फुकट दारात आल्या, शाळा लांब होती, आणि कुजबुज आपोआप थांबली. गरज पटली की परवानगीचे फतवे किती पटकन बदलतात, हे मी पाहिले आहे. सिनेमाची गरज अजून कुणाला पटलेली नाही, एवढेच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या आठवीच्या मुलींनी पाण्याच्या टंचाईवर सात मिनिटांची चित्रफीत केली. मोबाईल एका आईचा, आवाज सगळ्यांचा. एका मुलीने सगळ्यांना कुठे उभे राहायचे ते सांगितले, चुकले की पुन्हा करायला लावले, हंड्यांची रांग तीनदा मांडली. शेवटी नावे घालायची ठरली तेव्हा तिच्या घरून चिठ्ठी आली की दिग्दर्शिका म्हणून आमच्या मुलीचे नाव घालू नये. कारण लिहिले नव्हते. आम्ही नाव काढले. स्नेहसंमेलनात चित्रफीत गाजली, आणि दुसऱ्या दिवशी ती तिच्या वडिलांनीच सगळ्या नातेवाइकांना पाठवली.

नाव असलेली पहिली प्रत शाळेच्या संगणकात आहे. ती पुसू का, असे मी त्या मुलीला विचारले होते. ती म्हणाली, “राहू द्या टीचर, दहावी झाली की नेते.”